मास्तर, वसंत कधी धरायचा?

मास्तर, तुला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती पोटात ठेवून मला परवापासून बसवत नाही. दुकानात लक्ष नाही, हमालांवर ओरडायचं विसरतो, बायको कपाळाला हात लावून बघते की ताप तर नाही. पण ती गोष्ट मी लगेच सांगणार नाही. सौद्यात चांगला माल आधीच उघडा करायचा नसतो. आधी माझी तक्रार ऐकून घे. तू गेलास म्हणून ती गेली, असं समजू नकोस.

तुझ्या शाळेत शोकसभा झाली. सगळे गोड बोलले. हेडमास्तर म्हणाले, "अत्यंत शांत स्वभावाचे गृहस्थ." मी मागच्या बाकावर होतो, मला खोकला आला. शांत? तू? जो माणूस संत्रा मार्केटात भर गर्दीत माझ्या ढिगातलं फळ उचलून त्यात सायकलची तार घुसवतो, तो शांत?

आठवतं ना? आपण नागपूरच्या महाल भागातल्या एकाच गल्लीतले. तू भूगोल शिकवायला लागलास आणि मी टोपल्या वाहायला, पण मी स्वतःची अडत उघडली तरी तू शाळा सुटली की माझ्या गादीवर येऊन बसायचास. त्या दिवशी ते तार घातलेलं संत्रं तू चहावाल्याच्या स्टोव्हसमोर धरलंस.

"हे पाह्य दौलत. ही पृथ्वी. हा सूर्य."

"ते फळ खाली ठेव. एक नंबरचं हाय."

"पृथ्वी एक नंबरचीच असते. आता पाह्य, ही तिरपी हाय. एकवीस मार्चच्या सुमारास दिवस अन् रात्र सारखे होते. तिथून आपला वसंत लागला. आता खालचं अर्धं पाह्य. त्यायच्याकडे तवाच शरद. त्यायचा वसंत लागते सप्टेंबरात, आपला पाऊस सरता सरता."

"एकवीस मार्चले नागपुरात उन्हासाठी खसच्या ताट्या लागते," मी म्हणालो. "कोणता वसंत घेऊन बसला बे?"

"मंग तुया हिशेबानं कवा लागते?"

"माया झाडाले फूल येते तवा. माघात. वसंत पंचमी काय उगाच माघात ठेवली?"

"अन् पंचांगात वसंत चैत्रापासून लिवला, त्याचं काय?"

"पंचांगवाला संत्री विकते का?"

चहावाला हसला, हमाल हसले, काटोलकडचे शेतकरी हसले. तू नाही हसलास. तू म्हणालास, "दौलत, तू निस्ता अर्ध्या पृथ्वीचा व्यापारी हायस." आणि पृथ्वी सोलून खाऊन टाकलीस. तेव्हापासून मार्केटात माझं नाव पडलं, "अर्धी पृथ्वी". परवाही एका पोट्ट्यानं मागून हाक मारली. मी त्याला झापला नाही. तू लावलेलं नाव आहे, आता बदलणार कोण?

लोकांना वाटतं तुझं-माझं जमायचं ते शेजारामुळे. तसं नव्हतं. मी हमाल होतो तेव्हाची गोष्ट. तुझे वडील गेले आणि कळमेश्वरच्या पुढची ती मुरमाड बाग तुझ्या वाट्याला आली. बाग फुलली की व्यापारी येतात, फळ धरण्याआधीच फुलावर बोली लावतात. भाव कोणी तोंडानं बोलत नाही. रुमालाखाली हात घालायचा, बोटं दाबायची, समोरच्यानं बोटंच दाबून उत्तर द्यायचं. आजूबाजूच्यांना कळत नाही, कागद होत नाही, पण एकदा हात मिळाला की सौदा झाला. त्या रुमालाखाली हमालाचा हात कोण घेतो? माझ्याजवळ ना गादी ना पत. मोठे व्यापारी चपला काढून तुझ्या ओसरीवर बसले होते आणि मी बाहेर टोपल्यांजवळ. तू मला आत बोलावलंस. "दौलतलेही बोलू द्या," म्हणालास. माझ्या तळहाताला घट्टे होते, तुझे हात खडूनं पांढरे. तू माझ्या बोटांना होकार दिलास. मास्तर, मी जो काही आहे तो त्या रुमालाखाली झालो. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढच्या वर्षी तू भाव वाढवला असतास.

आणि म्हणूनच तक्रार आहे.

तुझ्या पोरीचं, नलूचं, लग्न झालं, ती नवऱ्याबरोबर ऑस्ट्रेलियाला गेली, ॲडलेडला. तू नकाशा उघडून मला जागा दाखवलीस आणि वर ऐट अशी की जणू पोरीला तू खालच्या गोलार्धात अभ्यासासाठीच पाठवलं आहे. पहिल्या वर्षी तिचं पत्र आलं, ते तू गादीवर मोठ्यानं वाचलंस. तिच्या घरामागे संत्र्याची झाडं आहेत, सप्टेंबरात त्यांना फूल येतं, खिडकी उघडली की आपल्या बागेचा वास येतो, क्षणभर माघ लागल्यासारखं वाटतं. आणि पुढे तिनं लिहिलं होतं की तिकडचे लोक एक सप्टेंबरपासूनच वसंत मोजतात.

तुझा चेहरा पडला. "एक तारखेपासून? दिवस-रात्र सारखे व्हाले अजून तीन हप्ते हाये. सूर्याले इचारलं का यायनं?"

मी तर टाळ्याच पिटल्या. "पाह्य! तिथलेही मायासारखेच निघाले. फूल दिसलं का वसंत!"

"फूल पाहून नाई, क्यालेंडर पाहून करते थे."

"मंग तू काय पाहून करते?"

"आकाश पाहून."

"वरतं पाहून चालते म्हणूनच ठेचा खाते तू!"

असं आपलं वर्षानुवर्षं चाललं. तू म्हणायचास आकाशात लागतो, मी म्हणायचो फांदीवर लागतो. वहिनी चहा ठेवताना म्हणायच्या, "दोघंही कपात पाहा, साय जमून राहिली."

मग हे साल आलं. यंदा फूल यायच्या आधीच, पौषात, तुझ्या ओसरीवर रुमाल टाकला, आंबिया बहाराचा, म्हणजे माघातल्या फुलाचा सौदा झाला. हात मिळाला. मी टोपल्यांची ऑर्डर दिली, दिल्लीच्या दलालाला निरोप धाडला. माघात बाग फुलल्याचं कळलं तसा मी एस.टी.नं निघालो. बागेत पाय ठेवला आणि बघतो तर काय, तू हातात लांब काठी घेऊन फुलं झोडपतो आहेस. माझी फुलं! खाली पांढरा सडा, वर मोकळ्या फांद्या, आणि तू धोतर खोचून घामाघूम.

"मास्तर, डोक्सं फिरलं का गा?"

"नलू येऊन राहिली दौलत! सप्टेंबरात! तिले तवाच सुटी भेटते. तिले फूल दाखवाचं हाय, तिच्या वसंतात, आपल्या बागेत. आत्ताचा बहार झाडावर राह्यला तर हस्ताले फूल येणार नाई. म्हणून उतरवून राहिलो."

संत्र्याचे तीन बहार असतात हे तुझ्यापेक्षा मला जास्त ठाऊक. माघातला आंबिया, पावसाच्या तोंडावरचा मृग, आणि पाऊस ओसरताना क्वचित साधणारा हस्त. हस्त धरायचा तर भर पावसाळ्यात झाडाला तहानलेलं ठेवावं लागतं, ताण द्यावा लागतो. आभाळ गळत असताना तहान कशी देणार? दहा जण करतात, एखाद्याला साधतं. पण माझा राग त्याचा नव्हता.

"हात मिळाला होता आपला," मी म्हणालो.

"अरे मंग हस्ताचं फळ तूच घे. तवा बाजारात दुसऱ्या कोणाचं नसते. दुप्पट कमावशील."

"मी फूल घेतलं होतं मास्तर. तुया भूगोल नाई घेतला."

"पोरगी सहा वर्षांनी येऊन राहिली."

"तिले माघात बोलव!"

"तिचा माघ सप्टेंबरातच असते, किती खेपा सांगू?" आणि तू परत काठी उचललीस.

मी रुमाल तुझ्या पायाशी फेकला आणि निघालो. मागून तू हाक मारलीस की नाही, मला माहीत नाही. पाण्याच्या मोटारीचा आवाज होता. पुढे तू माणूस धाडलास, मी भेटलो नाही. नागपंचमीला वहिनींनी कानोले पाठवले, मी खाल्ले, पण आलो नाही. आणि श्रावण सरता सरता तू शाळेच्या पायऱ्यांवर बसलास तो उठलाच नाहीस. हे तर तू अगदी अडत्यासारखं केलंस मास्तर. समोरचा बोलायला तयार व्हायच्या आत गादी बंद. तू मिळालेला हात मोडलास असं मी तेव्हा म्हटलं, ते आजही म्हणतो. चूक तुझी होती. मेलेल्या माणसाची चूक माफ होते असं कुठल्या बाजारात लिहिलेलं नाही.

घाटावर मी आलो होतो. नलू पोचू शकली नाही, तिचं तिकीट पुढचं होतं. दहाव्याला वहिनींनी मला बाजूला बोलावलं.

"भावजी, झाडं मरून राहिली का जगून राहिली, ते मले समजत नाई. यायनं ताणासाठी मुळ्या उघड्या करून ठेवल्या. पाऊसही दडी मारून बसला. शेजारचे म्हणते पाणी सोडा. तुमी म्हणान तसं करते."

"मले काहून इचारता? मायाशी तर बोलणं बंद होतं."

"यायनं सांगून ठेवलं होतं. म्हणे पाणी कवा सोडाचं ते दौलतलेच कळते, अन् तो आल्याबिगर राहणार नाई." मग त्या पदरानं डोळे न पुसता सरळ म्हणाल्या, "आंबिया गेला, मृग धरला नाई. यंदा बागेत एक फळ नाई. हा बहार गेला तर बाग विकते. गिऱ्हाईक पाहून गेलं. पेन्शनीत मले बाग पोसवत नाई."

मास्तर, मी त्या दिवशी तुझ्यावर जितका चिडलो तितका कधी चिडलो नव्हतो. तुला खात्री होती मी येणार! माझा राग तू आधीच हिशेबात धरून ठेवला होतास!

दुसऱ्या दिवशी बागेत गेलो. पानं दुपारी सुरळी होऊन लोंबत होती. शेजारचा म्हणाला, "शेटजी, मोटार चालू करा, जीव जाईल झाडाचा." मी म्हणालो थांबा. दुपारी सुकलेलं पान सकाळी सावरतं. जोवर सावरतं तोवर ताण पुरा नाही, पाणी दिलं तर नुसती पालवी फुटेल. आणि जे सकाळीही सावरलं नाही, त्याला आणखी ताणलं तर झाड गेलं. मधे जी जागा आहे ती एवढीशी. शिवाय आभाळ भरून येत होतं. ताण पुरा व्हायच्या आधी एक जोराची सर आली असती तर तुझी सगळी शाळा पाण्यात.

मी बागेतल्या खोपीत मुक्काम टाकला. रोज उजाडलं की चप्पल न घालता ओळीत जायचो आणि पानाला हात लावायचो. सावरलेलं असायचं. वर ढग, खाली मी, ढगांना शिव्या घालत होतो, तुला धरून. मग एका सकाळी पान हाताला लागलं ते मऊ, लुळं, रात्रीच्या दंवानंही न उठलेलं. मी ओरडलो, "मुळ्या झाका! मोटार चालू करा!" आणि वीज गेली. गेली म्हणजे गेलीच. मी तारेच्या खांबाला जे बोललो ते इथे लिहिता येत नाही. शेजाऱ्याचं डिझेल इंजिन होतं, त्याच्या भाड्याची घासाघीस करायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा सांगितलेल्या भावाला हो म्हणालो. शेजारी घाबरला, त्याला वाटलं मला काही झालं. पाणी आळ्यात उतरलं तेव्हा मुरमातून फसफस आवाज आला.

नलू आली. तुझ्या फोटोसमोर बसली, उठेना. बागेकडे यायला तयार नव्हती. मीच हाताला धरून आणली. फांद्यांना कोंब फुटले होते, पण कोवळे कोंब बारीक असताना पान निघणार की कळी, ते सांगता येत नाही.

"काका, पान की फूल?"

"बोलू नको आत्ता. झाड ऐकते."

"बाबांसारखंच बोलता तुम्ही."

"मी? त्याच्यासारखा? त्या आकाशवाल्यासारखा?" असा भडकलो मी, आणि ती पोरगी इकडे आल्यापासून पहिल्यांदा हसली.

तिच्या परतीचा आठवडा उजाडला तरी कोंब गप्प होते. मग एका सकाळी ती माझ्या आधी उठून गेली होती. मी दात घासत होतो, ओळींमधून हाक आली. हाक नव्हे, लहानपणी पतंग काटल्यावर मारायची तशी आरोळी. मी धावलो. मोहरीएवढ्या कळ्या, पांढऱ्या, झुपक्यांनी, एका झाडाला, शेजारच्याला, पुढच्या ओळीला! आणि दोन दिवसांत बाग पांढरी झाली. रस्त्यावरच्या एस.टी.चा ड्रायव्हर गाडी थांबवून खाली उतरला. "काय लावलं गा इथी, एवढं घमघमून राहिलं?" मी म्हणालो, "भूगोल लावला!"

नलू झाडाखाली डोळे मिटून उभी होती. म्हणाली, "काका, मला कळत नाहीये मी कोणत्या घरी आहे." मी तिला तिथेच राहू दिलं.

आता ऐक, आपला वाद. तिकडच्या लोकांची एक तारीख उलटून गेली होती. तुझी ती दिवस-रात्र सारखे होण्याची तारीख अजून यायची होती. फूल मधेच आलं. ना क्यालेंडरनं आणलं, ना आकाशानं. झाडाची तहान पुरी झाली आणि पाणी मिळालं, तेव्हा आलं. म्हणजे मी जिंकलो. स्पष्ट जिंकलो! पण काठी घेऊन माघाची फुलं झोडपली नसतीस तर हे फूल आलंच नसतं, आणि हे तू म्हटलंच असतंस, बोट नाचवून.  आता हे भांडण पुढे कोणाशी काढू?

नलू जायच्या आदल्या दिवशी ओसरीवर सौद्याला बसलो. सवयीनं खिशातून रुमाल काढला.

"तो ठेवा," वहिनी म्हणाल्या. "तोंडानं बोला भावजी. नलूच्या समोर."

"असं कुठी असते का वहिनी?"

"आतापासून असते."

मी भाव बोललो. त्यांनी मान हलवली. मी चढलो. त्यांनी परत हलवली. मी आवाज चढवला, त्यांनी सुपारी कातरायला घेतली. तुझ्याशी इतकी वर्षं सौदे केले, तुझा चेहरा मला फळासारखा वाचता यायचा. ही बाई तर बंद पेटी! शेवटी म्हणाल्या, "भाव तुमी म्हणान तो. पण नलू ज्या ज्या वर्षी येईल, त्या वर्षी हस्तच धराचा. आंबिया मागाचा नाई. अन् ताण तुमीच द्याचा."

"वहिनी, हा धंदा हाय का भूगोलाचा तास?"

"इतके दिवस दोन्ही संगंच चाललं ना इथी?"

नलूनं तोंडावर हात धरून हसू दाबलं. मी हो म्हणालो. पण वहिनींनी लगेच पुढे जोडलं, "फळ धरलं तर. फूल तर वाऱ्यानंही जाते. गळलं तर बाग विकली समजा."

खरं होतं ते. फुलाचं काय घेऊन बसायचं. हस्ताचं फूल तर नखरेल, एका उन्हात सगळं जमिनीवर. नलू गेली ती हे न कळताच गेली. विमान गाठायच्या गाडीत चढताना तिनं फक्त एवढंच विचारलं, "काका, कळवाल?" ती गेल्यावर कडक ऊन पडलं. पाकळ्या गळायला लागल्या. ओळींखाली पांढरा थर. रोज वाकून देठ बघायचो. पिवळा पडलेला देठ म्हणजे गेलं. पिवळे होते. पुष्कळ पिवळे होते. वहिनी शहरातून निरोप धाडायच्या, मी निरोप्याला काहीबाही सांगून परत लावायचो. गिऱ्हाईक येऊन कुंपणाबाहेर उभं राहिलं, त्याला मी हाकललं, पण हाकलताना आवाजात जोर नव्हता.

आणि परवा, मास्तर. परवा सकाळी गळायचं होतं ते गळून झालं. मी एका फांदीखाली हात धरून ती हलवली. काही पडलं नाही. दुसरी हलवली. नाही पडलं. चष्मा लावून बघितलं, तर पाकळ्या गेलेल्या जागी हिरवा ठिपका, गोल, घट्ट, देठ हिरवागार. पुढच्या फांदीवर तसाच. पुढच्या झाडावर तसेच. मी ओळीमागून ओळ पळत सुटलो, ह्या वयात, आणि बाग संपली तसा कुंपणाला धरून उभा राहिलो.

वहिनींना सांगितलं. नलूला तार केली. दोघींनाही सांगून झालं, तरी पोट हलकं झालं नाही, म्हणून हे.

फळ धरलं गा मास्तर. बाजरीएवढं आहे. बाग राहिली.

आता बोल.